त्स्काल्तुबोचे पडके महाल, लाल पोस्टरं आणि तीन महिने न उतरलेलं खूळ

भटका_भाऊ :

मंडळी, सात वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमची कन्या जॉर्जियात कुतैसीला एमबीबीएस करतेय, तिसरं वर्ष. (अमेरिकेतलं जॉर्जिया नाही, कॉकेशसमधलं. हे वाक्य मला आता झोपेतही म्हणता येतं.) ऑक्टोबरात आम्ही दोघं गेलो, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुकरची रिंग असं सगळं पोचवलं, आणि तिसऱ्या दिवशी तिचा पेपर होता तर म्हणाली तुम्ही त्स्काल्तुबो बघून या, मार्शुत्कानं अर्धा तास लागतो. मार्शुत्का म्हणजे आपलं वडापच, फक्त टपावर कोणी बसत नाही.

उतरलो तर समोर भलंमोठं पार्क आणि त्याच्या कडेकडेनं राजवाडे. म्हणजे मला तरी राजवाडेच वाटले. खांब, कमानी, गोल फिरत जाणारे जिने, छताला झुंबराचा नुसता हुक, खालची लाकडी फरशी कुणीतरी उखडून नेलेली, भिंतीतून अंजिराचं झाड, आणि नाचाच्या हॉलमधे गाय. खरंच गाय, निवांत रवंथ करत. ही सगळी सोव्हिएत काळातली सॅनिटोरियम, म्हणजे आरोग्यधामं. एक 'मेटालुर्गी' म्हणजे पोलाद कामगारांचं, एक 'शाख्तिओरी' म्हणजे खाण कामगारांचं. कामगाराला युनियनकडून पुत्योव्का मिळायची, म्हणजे चिठ्ठी, की जा बाबा, इतके दिवस तिथे राहा, डॉक्टर सांगेल तितका वेळ पाण्यात बस आणि सांगेल तेवढंच जेव. १९३६ च्या त्यांच्या घटनेत विश्रांतीचा हक्क चक्क लिहून ठेवलेला. मॉस्कोहून थेट रेल्वे यायची इथे. पाण्यात रेडॉन (किरणोत्सर्गी वायू) आहे आणि ते पाणी जमिनीतूनच ३३ ते ३५ डिग्रीला वर येतं, तापवायची भानगडच नाही. सहा नंबरचं स्नानगृह अजून चालू आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर कोरलेल्या पट्टीत मधोमध साक्षात स्टालिन.

चार तासांत साडेतीनशे फोटो काढले. ही म्हणाली, लग्नात एवढे काढले नव्हते.

आणि तेव्हापासून जे लागलंय ते लागलंय. रोज जेवण झालं की बल्गेरियातलं बुझलुजाचं तबकडीसारखं स्मारक, चेर्नोबिलजवळच्या ओसाड प्रिप्यात शहरातला पाळणा, बायकोनूरच्या अवकाशतळावर धूळ खात पडलेलं बुरान यान, मोझेकवाले बसस्टॉप, हातोडा घेतलेले पुरुष आणि गव्हाच्या पेंढ्या घेतलेल्या बायका. आमच्या वडिलांच्या घरात कम्युनिस्ट हा शब्द शिवीसारखा वापरायचे, मी स्वतः आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली बघितल्या, तर मला या सगळ्याचं एवढं काय? आणखी कुणाला आहे का हे खूळ, का मलाच दाखवायला न्यायला पाहिजे? फोटो खाली देतोय, निवडक बारा.

चिंचेचा_कोळ :

पहिली मीच! फोटो एक नंबर. तो निळ्या भिंतीवाला जिना वॉलपेपर म्हणून लावला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

गिरणगावकर :

भाऊ, तुम्ही एकटे नाही. फक्त माझं खूळ तुमच्यापेक्षा चाळीस वर्षं जुनं आहे.

आमचे बाबा गिरणीत, साच्याखात्यात. घरी 'सोव्हिएत देश' नावाचं नियतकालिक यायचं, मराठीत. वाचायचे बाबा, पण खरा उपयोग आम्हा पोरांना. कागद असा गुळगुळीत आणि दणकट की जूनमधे वह्यांना कव्हरं त्याचीच. त्यामुळे माझ्या गणिताच्या वहीवर सातवीभर एक बाई ट्रॅक्टरवर बसून हसत होती आणि भूगोलावर धरण होतं. वर्गातल्या बाकीच्यांच्या वह्यांवर खाकी कागद, आणि माझ्याकडे युक्रेनमधलं पीक. त्यात रस्त्यावर कधी चिखल नसायचा, कुणाच्या शर्टाला ठिगळ नसायचं, आणि आकाश कायम निळं. आमच्या चाळीच्या गॅलरीतून आकाश दिसायचं ते भोंग्याच्या चिमणीपर्यंत. सहावी सातवीतल्या पोराला हे खरंच वाटणार ना.

पुढे लोकवाङ्मयच्या पुस्तक प्रदर्शनात मीर आणि प्रगती या सोव्हिएत प्रकाशनांची पुस्तकं, किंमत इतकी कमी की वडापावच्या पैशात विज्ञानाचं पुस्तक. त्याचा तो वास पण वेगळाच, डिंक आणि शाईचा, अजून कुठे आला तर ओळखीन.

अण्णाभाऊंनी तर स्टालिनग्राडचा पोवाडा आधी लिहिला आणि रशिया प्रत्यक्षात पाहिला १९६१ ला, जवळजवळ अठरा वर्षांनी. आमच्या बाबांना ते जमलं नाही. गिरणी बंद पडली, पाठोपाठ सोव्हिएत युनियन. दोन्हीबद्दल ते एकाच सुरात बोलायचे. तुमचा खाण कामगारांच्या महालाचा फोटो मोठा करून बघितला आणि वाटलं, हे बाबांना दाखवलं असतं तर ते पडझडीकडे बघत बसले नसते, पहिला प्रश्न विचारला असता, "खाणवाल्यांना एवढं?"

भटका_भाऊ :

गिरणगावकर साहेब, काय लिहिलंत हो. वह्यांची कव्हरं वाचून ही पण आली बघायला, तिच्याही घरी यायचं म्हणे ते, सांगलीत.

काटेकोर :

धागा चांगला आहे पण प्रिप्यातचं नाव आलंच आहे तर थोडी साफसफाई करतो.

इंटरनेटवर जे फोटो फिरतात ना, खाटेवर बाहुली, बाहुलीच्या तोंडावर गॅस मास्क, पुढे उघडी वही, ते नव्वद टक्के फोटोग्राफर लोकांनी रचलेले देखावे आहेत. एकानं बाहुली ठेवली, दुसऱ्यानं उचलून खिडकीत ठेवली, तिसऱ्यानं मास्क घातला. शाळेतले ते मास्क नागरी संरक्षणाच्या कवायतीसाठी साठवलेले होते, अपघाताच्या दिवशी कुणी घातले नव्हते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट २६ एप्रिल १९८६ ला पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी, आणि शहर रिकामं केलं दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या शनिवारी पोरं शाळेत गेली, लोकांनी लग्नं लावली. खरी गोष्ट ती आहे, आणि तिचा फोटो निघत नाही म्हणून बाहुली.

पाळणा १ मे ला चालू होणार होता. आणि शहर काही प्राचीन वगैरे नाही, १९७० ला वसवलेलं, म्हणजे सोळा वर्षांचं. शहरातला पोहण्याचा तलाव तर १९९८ पर्यंत चालू होता, प्लांटवर काम करणारे लोक तिथे पोहायचे. "क्षणात थांबलेलं शहर" म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

शॉर्टवेव्हवाला :

काटेकोर +१.

प्रिप्यातला जाणारे सगळे पाळण्याशी सेल्फी काढून यायचे, मला विचाराल तर तिथून जवळच जे 'दुगा' रडार आहे त्यापुढे पाळणा म्हणजे खेळणं. दीडशे मीटर उंच आणि सातशे मीटर लांब, लोखंडी जाळीची भिंत, क्षितिजापलीकडून येणारी अमेरिकन क्षेपणास्त्रं हेरायला. मला ते दिसायच्या आधी ऐकू आलंय हो! ७६ नंतर शॉर्टवेव्हवर अचानक टकटकटकटक यायला लागायचं, सेकंदाला दहा ठोके, ज्या स्टेशनवर असाल ते खाऊन टाकायचं. जगभरचे हॅमवाले (हौशी रेडिओवाले) त्याला रशियन सुतारपक्षी म्हणायचे. आम्ही रेडिओ मॉस्कोचं मराठी लावून बसलेलो आणि मधे यांचाच सुतारपक्षी यांच्याच बातम्यांवर टोच मारतोय. आजोबा रेडिओला चापट मारायचे, त्यांना वाटायचं व्हॉल्व्ह ढिला आहे.

रंगारी_बोवा :

मी पोटासाठी जाहिरातींची डिझाइनं करतो, म्हणून पोस्टरांवर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

भाऊ, तुम्हाला ती चित्रं ओढतात कारण ती बनवलीच ओढण्यासाठी आहेत, त्यात तुमचा दोष नाही. १९१९ ते २१ या काळात रशियात छापखाने बंद, कागद नाही, निम्म्याहून जास्त जनता निरक्षर, आणि यादवी चालू. तेव्हा कवी मायाकोव्हस्की आणि मंडळी पुठ्ठ्याचे स्टेन्सिल कापून हातानं पोस्टरं रंगवायची आणि दुकानांच्या रिकाम्या काचांत लावायची, दुकानात माल नव्हताच. स्टेन्सिल म्हटलं की बारीकसारीक रेषा गेल्या, छटा गेल्या, दोन-तीन सपाट रंग राहिले. आज आपण ज्याला मिनिमल म्हणून क्लायंटला विकतो ते त्यांच्याकडे टंचाईतून आलं. लिसित्स्की या चित्रकाराचं १९१९ चं पोस्टर बघा, पांढऱ्या वर्तुळात घुसणारी लाल पाचर, बस्स. माणूस नाही, बंदूक नाही, तरी कोण कोणाला मारतंय ते शेंबड्या पोराला कळेल.

मग ४१ चं वातोलिना बाईंचं डोक्याला लाल रुमाल बांधलेली आणि ओठांवर बोट ठेवलेली बाई, 'बडबडू नका'. आणि ५४ चं ते वोडकाच्या ग्लासाला 'नाही' म्हणणारा सूटवाला. हे दोन्ही आज मगांवर, मॅग्नेटवर. आमच्या ऑफिसात मीटिंग रूमच्या दारावर बडबडू नका लावलंय, आत सगळे बडबडतातच.

पण एक सांगतो आणि थांबतो. गुस्ताव क्लुत्सिस म्हणून लाटव्हियाचा माणूस, फोटोमोंटाजचा, म्हणजे फोटोंचे तुकडे जोडून चित्र करायच्या कलेचा बाप. पंचवार्षिक योजनेची, स्टालिनची, हजारो वर हात केलेल्या माणसांची गाजलेली पोस्टरं त्याची. १९३८ ला त्याच स्टालिनच्या राज्यात गोळी घातली. आणि रोडचेन्को म्हणून दुसरा डिझायनर, त्यानं उझबेकिस्तानवरचा एक सुंदर अल्बम डिझाइन केला, पुढे त्यातले नेते एकेक करून पकडले गेले, तर यानं स्वतःच्या प्रतीत त्यांचे चेहरे शाईनं काळे केले. स्वतः मांडलेल्या पानावर स्वतःच. मी डिझाइन शिकवतो तेव्हा पोरांना आधी पाचर दाखवतो आणि मग ते काळे चेहरे दाखवतो. वर्ग गप्प होतो आणि मग कुणीतरी विचारतंच, सर हे परीक्षेला आहे का.

सातासमुद्रापार :

बुझलुजाला जाऊन आलोय म्हणून लिहितो. चौदाशे मीटरवरच्या शिखरावर उतरलेली उडती तबकडी, शेजारी ७० मीटरचा मनोरा, त्यावर दोन्ही बाजूंनी लाल काचेचा तारा. १८९१ साली तिथे समाजवाद्यांची बैठक झाली होती म्हणून १९८१ ला कम्युनिस्ट पक्षानं हे उभारलं, गेओर्गी स्तोइलोव वास्तुरचनाकार. पैसे जनतेच्या 'ऐच्छिक' देणग्यांतून. कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याला विचारा ऐच्छिक म्हणजे काय ते, पगारातून कापून घेतात तेच.

वापर झाला किती? आठ वर्षं! ८९ ला तिथला कम्युनिस्ट सत्ताधीश झिवकोव सत्तेवरून गेला आणि त्यानंतर तांबं गेलं, काच गेली, छप्पर गेलं. तारा माणकाचा आहे समजून लोकांनी गोळ्या झाडल्या त्यावर. आत मोझेकमधे एका बाजूला मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि समोर बल्गेरियाचे पुढारी, त्यातला झिवकोवचा चेहरा तेवढा खरवडून काढलाय. दारावर कुणीतरी मोठ्ठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमचा भूतकाळ विसरा'. पुढे दुसऱ्या कुणीतरी त्याला 'कधीही विसरू नका' करून टाकलं. आता आत सोडत नाहीत, पहारा आहे, २०१९ ला गेटी फाउंडेशननं जतनाच्या आराखड्यासाठी पैसे दिले. वारा इतका की माझी टोपी गेली ती गेलीच.

विल्नियसचा_विठू :

वातावरण खराब करायचं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी सहा वर्षं लिथुआनियात आहे. पहिल्याच वर्षी तिबिलिसीला फिरायला गेलो होतो, ड्राय ब्रिजच्या जुन्या बाजारात (भाऊ, तुम्ही गेला नसाल तर कन्येला घेऊन नक्की जा, झेनिट कॅमेरे, पदकं, बिल्ले, चहाचे पेले, काय वाट्टेल ते) एक टीशर्ट घेतला, छातीवर विळा-हातोडा. परत आल्यावर तो घालून जिन्यातून उतरत होतो, खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. झारी खाली ठेवली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मग ऑफिसमधल्या मित्रानं सांगितलं की अरे इथे २००८ पासून ही चिन्हं जाहीरपणे दाखवायला कायद्यानं बंदी आहे, नाझी चिन्हांसारखीच. आणि बाईंच्या आईला लहानपणी १९४१ च्या जूनमधे अख्ख्या कुटुंबासकट मालगाडीत घालून सैबेरियाला नेलं होतं. आई आणि आजी परत आल्या, आजोबा नाही आले.

टीशर्टची मी फरशी पुसायला फडकी केली. चिन्हावरून वाद घालायला मला आवडतं एरवी, पण त्या जिन्यात नाही.

हां, इथे ग्रूतास नावाचं पार्क आहे, तिथे सगळ्या देशातून उखडलेले लेनिन-स्टालिन आणून जंगलात उभे केलेत, काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे, अगदी छावणीसारखं. काढलं कुणी तर मशरूमच्या धंद्यात पैसा केलेल्या माणसानं, २००१ ला, आणि त्याच वर्षी त्याला शांततेचं इग नोबेल (नोबेलची विनोदी नक्कल) मिळालं. इथल्या लोकांनाही ते आवडलं की नाही यावर अजून भांडणं होतात. मला आवडलं. पण मला आवडायला काय जातंय.

चिंचेचा_कोळ :

विठू 😔

ओझरकर :

थोडा विषय बदलतो. वडील ओझरला मिगच्या कारखान्यात होते, घरात रशियन मॅन्युअलच्या जुन्या पानांत चकल्या गुंडाळलेल्या असायच्या. म्हणून माझं वेड बुरान. १५ नोव्हेंबर १९८८ ला एकदाच उडालं, माणसाशिवाय, पृथ्वीला दोन फेऱ्या मारून आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. ते उडालेलं यान २००२ ला हँगरचं छप्पर कोसळून चिरडलं गेलं आणि आठ कामगार गेले, तेच छप्पर दुरुस्त करत होते. आपल्याला यूट्यूबवर जी दोन दिसतात ती वेगळी, एक अर्धवट राहिलेलं आणि एक चाचणीचा सांगाडा, दुसऱ्या इमारतीत आहेत.

ज्यांना गवताळ मैदानातून रात्री चालत लपत जायची हौस आहे त्यांना हात जोडून सांगतो, तळ चालू आहे, पकडतात. २०२४ च्या जूनमधे एक फ्रेंच पर्यटक वाटेतच पाण्यावाचून मेला. राकेश शर्मा त्याच तळावरून ८४ ला गेले होते, तेवढी ओळख आपल्याला बास.

भटका_भाऊ :

सगळ्यांचे आभार. विठू, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी पण एक लेनिनचा बिल्ला आणलाय, कोटाला लावून लग्नाला जाणार होतो, आता ड्रॉवरमधे बरा.

काटेकोर, देखाव्यांचं माहीत नव्हतं. माझ्या फोटोत मी काही रचलेलं नाही बरं का. गाय आपणहून आली होती.

कुतैसीकर :

बाबा, आयडी घेतल्याचं आईनं सांगितलं मला. धागा सगळा वाचला, भारी चाललाय. पण "मी काही रचलेलं नाही" यावर बोलायला आलेय.

तुम्ही ते साडेतीनशे फोटो मला पाठवले होते. मी सगळे बघितलेत. इथे जे बारा टाकलेत त्यातला चौथा, मोठे खांब आणि मागे आकाश, तो मूळ फोटो असा नाहीये. मुळात उजवीकडे दोन खांबांच्या मधे दोरी आहे आणि त्यावर कपडे वाळत घातलेत, चादरी, लहान मुलाची पँट. वर खिडकीतून शेगडीचा पाइप बाहेर आलाय. तुम्ही कापलंत ते.

माझ्या वर्गातल्या जॉर्जियन मैत्रिणीची आजी अशाच एका सॅनिटोरियममधे राहायची. ९२-९३ ला अबखाझिया या जॉर्जियातल्या प्रांतात युद्ध झालं तेव्हा तिथल्या सुखुमी शहरातून हातात मिळेल ते घेऊन पळालेले हजारो लोक सरकारनं या इमारतींमधे ठेवले, थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस वीस-पंचवीस वर्षं चालले. नाचाच्या हॉलचे प्लायवूड लावून खण केले, एका खणात एक कुटुंब, नळ कॉरिडॉरच्या टोकाला. मैत्रिणीची आई तिथे लहानाची मोठी झाली, तिचं लग्न तिथूनच झालं. फरशीचं लाकूड "कुणीतरी" उखडून नेलं असं लिहिलंय ना तुम्ही, त्यातलं बरंचसं पहिल्या हिवाळ्यांत त्यांनीच जाळलं. आजी सांगायची, झुंबराखाली झोपायचो आणि बर्फ पडला की पोरांना कोटासकट गादीत घालायचो. नंतर बहुतेकांना फ्लॅट मिळाले, आजीला पण मिळाला. तरी शेवटपर्यंत गाठोडं बांधलेलं होतं तिचं, सुखुमीला जायचं म्हणून.

रागवून लिहीत नाहीये हं. मी पण पहिल्या वर्षी तिथे जाऊन रील केली होती, मैत्रिणीनं बघितली आणि फक्त म्हणाली, ती खिडकी आमची.

गिरणगावकर :

पोरी, शाबास.

आमच्या गिरणीच्या जागी मॉल झाला तेव्हा त्यांनी चिमणी तेवढी ठेवली, खाली दिवे सोडले, लोक फोटो काढतात तिच्यासमोर. मी एकदा उभा राहून बघत होतो तर एक मुलगा म्हणाला, काका जरा बाजूला होता का, फ्रेममधे येताय.

रंगारी_बोवा :

काका 🙏

बाकी, कापून टाकलेली दोरी आणि शाईनं काळे केलेले चेहरे एकच असं मी म्हणणार नाही, भीती आणि हौस यात फरक आहे. पण कात्री आमच्याच धंद्यातली, म्हणून टोचलं.

शनिवारची_मिसळ :

अवांतर : मे महिन्यात जॉर्जिया करायचा विचार आहे, सासूबाई बरोबर, गुडघे दुखतात. त्या गरम पाण्याचा उपयोग होतो का खरंच? आणि पडक्या इमारतीत जिने चढावे लागतात का?

कुतैसीकर :

काकू, सहा नंबरला अपॉइंटमेंट मिळते, आधी तपासणी करतात, बीपी वगैरे असेल तर रिपोर्ट घेऊन या. उपयोगाचं मी तिसऱ्या वर्षात काही बोलणं बरं नाही. जिने मुळीच चढू नका, कठडे नाहीत, सळया बाहेर आल्यात. मेदेया सॅनिटोरियमचे खांब बाहेरून, सपाटीवरूनच दिसतात, नवरा-नवरींचे फोटो चालू असतात तिथे. आठ नंबरचं गोल स्नानगृह पण सपाटीवर आहे, छताला मधोमध भोक आहे, ऊन आत येतं ते छान दिसतं. बाबा, मेतकूट संपलं.

भटका_भाऊ :

काल दिवसभर काही लिहिलं नाही, मूळ फोटो शोधत होतो. सापडला. दोरी आहे, पाइप आहे, डिश अँटेना पण आहे, आणि मला आठवतच नव्हतं, वरच्या खिडकीत एक बाई आहे. पांढरे केस. कॅमेऱ्याकडेच बघतेय, हात वर केलाय. तो हात कशासाठी ते कळत नाहीये, ये म्हणतेय का जा म्हणतेय. हिला दाखवला, ही म्हणाली, अहो, मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं की कुणीतरी हाक मारतंय, तुम्ही म्हणालात उजेड जाईल.

चौथ्या फोटोच्या जागी तो टाकलाय, न कापता.

शॉर्टवेव्हवाला :

भाऊ, फोटो दिसत नाही. ड्राइव्हवर परवानगी द्यायची राहिली बहुतेक, सगळ्यांना दिसेल असं करा.